कोठीच्या पत्र्याची गाडी

जळगावातल्या मेहरूणच्या आमच्या घरात दिवस उजाडायचा तो बादलीच्या कडीच्या आवाजाने. नाना अंगणातल्या हौदात बादली बुडवत, कडी खणकन वाजे, आणि लगेच गाडीच्या टपावर पाणी फळ्ळकन आदळे. मग दारे उघडून आतही दोन बादल्या. चपला-बुटांनी आलेली केळीच्या बागांतली काळी माती त्या पाण्याबरोबर अंगणभर पसरे आणि चुलीपुढून आई म्हणे, "झायी का तुन्हा नानाना देवनी आंघोळ?" देव म्हणजे गाडी. घरात देवघर होते, त्यातल्या देवांना आंघोळ एका पळीत उरके, ह्या देवाला मात्र अर्धा हौद लागे. आता मला वाटते, आमच्या शेजारपाजारच्या बायकांनी नानांना कधी नावे ठेवली असतील तर ती फक्त पाण्यावरून.

गाडी म्हणजे जुनी अँबॅसिडर, सायीच्या रंगाची. नाना मूळ सावद्याचे. तरुणपणी धुळ्याला एका मारवाडी शेठजींकडे ड्रायव्हर म्हणून लागले आणि डोक्यावरचे केस विरळ होईपर्यंत त्यांचीच गाडी चालवत राहिले. शेठजींची शिस्त अशी की सकाळी गाडी आतून-बाहेरून धुतलेली दिसली नाही तर ते गाडीत बसतच नसत. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली आणि ही जुनी नानांना दिली, हप्त्याहप्त्याने फेडायच्या बोलीवर. नानांनी ती फेडली, टॅक्सीचे परमिट काढले आणि आम्ही जळगावला राहायला आलो, कारण सावदा-रावेरकडचे केळीचे व्यापारी बागा बघायला फिरत आणि त्यांना भाड्याची गाडी लागे. शेठजींची नोकरी सुटली, पण सकाळची बादली काही सुटली नाही. फरक एवढाच की आता नाना ती धुताना गुणगुणत. धुळ्याला गुणगुणत नसत, असे आई सांगायची.

आईचे माहेर नरडाण्याचे, त्यामुळे तिच्या तोंडात पक्की अहिराणी. नाना सावद्याकडचे, त्यांचे 'मले-तुले' वेगळे. मी दोघांच्या मधली, शाळेत तिसरेच बोलणारी. आई 'शे' म्हणाली की नाना मुद्दाम 'शे शे शे' करून तिला चिडवत आणि ती त्यांना "तुम्हनं सावदं तुम्हनाजवळच ठेवा" म्हणून उडवून लावी. भांडण कधी खरे झाले तर मात्र दोघेही एकदम पुस्तकी मराठीत बोलू लागत. त्यावरून मला घरातली हवा कळे.

मला लहानपणापासून नसत्या चौकशा फार. घड्याळ उघडून बघ, रेडिओच्या मागे डोके घाल, हे माझे उद्योग. बारावीची परीक्षा झाल्यावर मी घरी रिकामी होते. नानांनी गाडीच्या कडाकपारीतली वाळलेली माती खरवडायला सांगितली, कारण पासिंग जवळ आले होते. टॅक्सीला दरवर्षी सरकारी इन्स्पेक्टरपुढे उभे करून ती रस्त्यावर चालायला लायक आहे असा शिक्का घ्यावा लागे, त्याला सगळे 'पासिंग' म्हणत. गाडीची कागदपत्रे धुळ्याचीच राहिली होती, म्हणून आमचे पासिंग धुळ्याला. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागच्या दाराखाली बसले. तिथे रंगाला एक फुगवटा आला होता. मी त्यावर बोट दाबले तर तो तळलेल्या पापडासारखा कुरकुरला. मला गंमत वाटली. मी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवले, जरासा जोर दिला, आणि ते मुठीपर्यंत आत गेले.

"शके, काय करू राह्यली व तू?" नाना मागेच उभे होते. मी स्क्रू-ड्रायव्हर बाहेर काढला. त्याबरोबर तपकिरी भुगा पायावर सांडला, चहाच्या चोथ्यासारखा. नाना खाली बसले, त्यांनी त्या भोकात बोट घातले, आणि बोट आतच ठेवून ते बराच वेळ तसेच बसून राहिले. मग आम्ही दोघांनी मागचे रबरी पायपुसणे उचलले. पत्रा नव्हताच. जिथे व्यापाऱ्यांचे पाय असत तिथे परातीएवढे भगदाड होते, कडेने गंजाच्या झिरमिळ्या. मी वाकून बघत असतानाच आमची तांबडी कोंबडी अंगणातून चालत गेली आणि ती मला गाडीच्या आतून दिसली. मी खदखदून हसले. नाना हसले नाहीत.

गंज लागला होता तो नानांच्या हौसेनेच, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नाही. आम्ही पावसाला शिव्या दिल्या, केळीच्या ओल्या पानांना दिल्या, व्यापाऱ्यांच्या बुटांनाही दिल्या.

नानांनी गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीने खालून टॉर्च मारला आणि सांगितले, तळ सगळा नवा टाकावा लागेल, दाराखालच्या दोन्ही पेट्याही. वेल्डिंग करायचे म्हटले तर ज्योत धरायला चांगला पत्राच उरला नाही, जिथे लावावी तिथे आणखी भोक पडेल. त्याने जो आकडा सांगितला तो नानांनी घरी उच्चारलासुद्धा नाही. "त्याच्यात दुसरी गाडी येईन," एवढेच म्हणाले. इन्स्पेक्टर असल्या तळाची गाडी पास करणार नाही, हे लहान पोरालाही कळले असते. पासिंग नाही तर परमिट नाही, आणि परमिट नाही तर नानांना करण्यासारखे एकच काम उरत होते. धुळ्याहून शेठजींचा निरोप आधीच येऊन पडला होता. भला माणूस. त्यांना कुठून तरी कळले होते की गाडी म्हातारी झाली. "तुझी जागा कधीही आहे, मोकळेपणाने ये," असा निरोप. त्या निरोपात काही वाईट नव्हते आणि म्हणूनच नानांना तो सहन होत नव्हता. शेठजी वाईट असते तर नाना शिव्या देऊन मोकळे झाले असते. त्या संध्याकाळी आईने भरीत केले होते, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे, वर कच्चे तेल आणि कांद्याची पात. नानांचा हा जीव की प्राण पदार्थ. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटातच हात धुतला. "पुन्हा दार उघडून उभं राहायचं," ते म्हणाले, "शेठ बसले की दार लावायचं. काय वाईट आहे त्याच्यात? काही वाईट नाही." ते पुस्तकी मराठीत बोलले, म्हणून मी घाबरले.

आईने भाकरीचा तवा उतरवला आणि म्हणाली, "कोठीले भोक पडनं म्हनीसन कोनी कोठी फेकी देस का? डाग देतस ना!"

"गाडी हाये ते. कोठी नाही," नाना म्हणाले.

"पत्राच शे ना?"

आमच्याकडे तेव्हा घरोघर धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या असत, माणूस उभा मावेल एवढ्या. कोठीचा सांधा उसवला किंवा तळाला भोक पडले की पत्रे जोडणारा येऊन रिबीट मारी आणि वरून कथलाचा डाग देई. आमच्या भागात हे काम हुसेनभाई करत. त्यांचा भाता, शेगडी आणि बडबड सगळे एकाच सायकलवर येई. आईने त्यांना बोलावले. हुसेनभाईंनी गाडीला प्रदक्षिणा घातली, भगदाडात डोके घालून बघितले आणि छातीवर हात मारून सांगितले, "भाबी, अशी बंद करून देतो की पाण्याचा थेंब जाणार नाही आणि आला तर निघणार नाही!" ह्या वाक्याचा दुसरा भाग नंतर शब्दन् शब्द खरा ठरला, तो कसा ते पुढे येईलच.

प्रश्न पत्र्याचा होता. बाजारातला पत्रा पातळ, जाड घ्यायचा तर परवडत नव्हता. तेव्हा आई माजघरात गेली आणि तिने आपल्या मोठ्या कोठीवरची गोधडी काढली. ही कोठी तिला लग्नात नरडाण्याहून आली होती, जस्ताच्या जाड पत्र्याची, तिच्या वडिलांनी मुद्दाम करवून घेतलेली. तिच्यावर आईचे नाव ठोक्या-ठोक्यांनी कोरलेले होते. आईने त्यातली ज्वारी पोत्यांत उपसली आणि म्हणाली, "मन्ही कोठी शे ना, ती कापा." नाना नको म्हणाले, दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी हुसेनभाईंनी कात्री लावली होती. कात्री पत्र्यात शिरली तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. आई मात्र तिकडे पाठ करून मिरच्या खुडत बसली. मी एकदा तिच्या तोंडाकडे बघायला म्हणून पुढून फेरी मारली तर म्हणाली, "मिरच्यास्ना खकाना शे," आणि पदराने डोळे पुसले. मिरच्या हिरव्या होत्या.

मग अंगणात जे दिवस गेले ते मला अजून सणासारखे वाटतात. गाडीखाली विटांचे कट्टे, शेगडीवर लाल झालेली डाग द्यायची कांडी, नवसागराचा नाकात झोंबणारा धूर, रिबिटींवर हातोडीची ठकठक. मला सगळे बघायचे होते. गंज कुठवर खरा आणि कुठून पत्रा खरा, हे कसे ओळखायचे? हुसेनभाईंनी शिकवले, हातोडीने वाजवून. खरा पत्रा टणक वाजे, गंजलेला बद्द. मी पूर्ण गाडी वाजवत फिरले आणि खडूने रेघा मारल्या. नाना कधी कौतुकाने बघत, कधी "आता बस कर, आनखी सापडीन" म्हणत. एक गोष्ट मला तेव्हाही चमत्कारिक वाटली होती. दाराखालची ती पोकळ पत्र्याची पेटी, गॅरेजवाले तिला बॉक्स म्हणत आणि आई उंबरा म्हणे, तिच्या तळाला बारीक बारीक भोके होती, चिखलाने बुजलेली, पण एका ओळीत, सारख्या अंतरावर. गंजाची भोके अशी शहाण्यासारखी रांगेत कशी? मी हुसेनभाईंना विचारले. ते म्हणाले, "कंपनीची चूक असेल, बेटी," आणि त्यांनी ती एकूण एक भोके डाग देऊन बुजवून टाकली, वर त्याचे काही घेतले नाही. मी पुढचा पत्रा वाजवायला गेले. चौकस माणसालाही उत्तर मिळाल्याचे समाधान लागतेच, मग ते उत्तर कसेही असो.

शेवटचा पत्रा ठोकायच्या आधी आई हळदी-कुंकवाची कोयरी आणि सूप घेऊन आली. तिने दोन्ही उंबऱ्यांना बोटे लावली. मग सुपातली मूठभर ज्वारी घेतली आणि उघड्या पेटीत सोडली, एक मूठ ह्या बाजूला, एक मूठ त्या बाजूला. आमच्यात कोठी कधी रिकामी बंद करत नाहीत. धान्य संपत आले तरी तळाला मूठभर राखायचे, नवी कोठी आणली तरी आधी मूठभर टाकायचे आणि मगच झाकण. नाना तेव्हा रंगाचा डबा आणायला गेले होते. हुसेनभाईंनी माझ्याकडे बघितले, मी त्यांच्याकडे. "गाडीमा कशाले, आई?" मी विचारले. घरात तिच्याशी बोलताना माझीही जीभ तिच्यासारखी वळे. ती म्हणाली, "कोठी मन्ही शे. रिकामी बंद करतस नहीत." हुसेनभाईंना हे पटले असावे, कारण त्यांनी मान डोलावली आणि झाकण ठोकले. वरून लाल रंग, त्यावर काळा रंग. संध्याकाळी मी हातोडीने गाडी वाजवली. सगळीकडून कोठीसारखा आवाज आला.

धुळ्याला निघालो त्या सकाळी नानांनी गाडी दोनदा धुतली, आतून आणि बाहेरून, कारण पासिंगला जायचे होते. आईने कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. ती येणार नव्हती, पण ऐनवेळी चपला घालून मागे बसली. मी तिच्या शेजारी. पायाखाली तिची कोठी होती, तिने पाय आधी वर घेतले आणि मग सावकाश टेकवले. पाळधी जाईपर्यंत सगळे ठीक. पाळधीच्या पुढे एक बैलगाडी आडवी आली, नानांनी ब्रेक दाबला आणि गाडीत मागून पुढे सळ्ळ असा आवाज गेला. नानांनी कान टवकारले. गाडी सुटली, पुन्हा सळ्ळ, ह्या वेळी पुढून मागे.

"काय वाजू राह्यलं?" नाना म्हणाले.

आई डब्याचे झाकण तपासू लागली. एरंडोलला त्यांनी गाडी थांबवून खाली डोकावून बघितले. चाके बघितली, स्प्रिंगांचे पाटे बघितले. पुन्हा निघालो. आता ते मुद्दाम ब्रेक दाबत, ऐकत आणि घामेजत. एवढे करून रिबीट तुटली की काय, ह्या विचाराने त्यांचा चेहरा उतरला होता. पारोळ्याजवळ आईला ते बघवेना. "दाना शेतस," ती म्हणाली.

"कसले दाणे?"

"ज्वारीना. येक मूठ इकडे, येक मूठ तिकडे."

नानांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागे वळून बघितले. मला वाटले, आता काही खरे नाही. "तुला कळतं का काही?" ते अगदी स्वच्छ मराठीत म्हणाले. "गाडी आहे की कोठी आहे? इन्स्पेक्टर विचारील तर काय सांगू? बायकोने ज्वारी भरली? लोक हसतील, आणि तो गाडी नापास करील, आणि मी उद्या शेठजींच्या दारात उभा राहीन." आई म्हणाली, "रिकामी कशी बंद करणार होते मी?" तीही पुस्तकी बोलली. तिथून धुळ्यापर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही. मुकटी गेले, फागणे गेले, आणि दर गतिरोधकाला खालून ज्वारी तेवढी बोलत होती. मी खिडकीबाहेर बघून ओठ दाबून धरले होते, कारण मला रडू येत होते आणि हसूही येत होते. नेमके काय येत होते ते मला आजही सांगता येणार नाही.

पासिंगच्या मैदानावर ट्रक, टेम्पो, काळी-पिवळी वाहने रांगेत उभी. आमचा नंबर आला. इन्स्पेक्टर साहेब पन्नाशीचे, देहाने जाडजूड, डोक्याला रुमाल बांधलेले, उन्हाने वैतागलेले. दिवे बघितले, हॉर्न बघितला, स्टिअरिंग हलवून बघितले. मग नानांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "घ्या पुढे. आता दाबा ब्रेक." आई आणि मी निंबाच्या सावलीत उभ्या होतो, तिथूनसुद्धा मला वाटले की मी ते सळ्ळ ऐकले. साहेबांनी पुन्हा ब्रेक दाबायला लावला. मग पुन्हा. मग गाडी मागे घ्यायला लावून ब्रेक. चौथ्या खेपेला मी ओळखले, हा माणूस वैतागलेला राहिलेला नाही. ह्यालाही माझ्यासारखीच खाज आहे. ते उतरले, उकिडवे बसले आणि त्यांनी चक्क उंबऱ्याला कान लावून मूठ आपटली.

"काय आहे आत?"

नानांना खोटे बोलायची सवय नव्हती आणि खरे बोलायची लाज वाटत होती. तेवढ्यात आई डबा हातात घेऊन सावलीतून तरातरा पुढे गेली. "दाना शेतस साहेब. मीच टाकात. कोठीना पत्रा शे, रिकामा कसा बंद करवा?" साहेबांना अहिराणी कळत असावी, पण ज्वारी कळली नाही. त्यांनी नानांकडे बघितले, माझ्याकडे बघितले. मी सगळे भरभर सांगितले, भगदाड, कोंबडी, कोठी, कात्री, सगळे. मागचे ट्रकवाले जवळ आले आणि हसू लागले. साहेब मात्र म्हणाले, "उघडा. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

डाग उकलला तर मैदानावर तो पुन्हा कोण देणार? एका ट्रकवाल्याने खिळा आणि हातोडी दिली. नानांनी खिळा खालच्या बाजूने टेकवला, पण हातोडी काही त्यांच्याने उचलवेना. आईने ती त्यांच्या हातातून घेतली, जमिनीवर बसली आणि एका ठोक्यात भोक पाडले. तिचीच कोठी होती.

भोकातून आधी ज्वारी आली नाही. आधी पाणी आले. बारीक धार, लालसर, आणि बराच वेळ येत राहिली. तिच्यामागून मग दाणे पडू लागले, थोडे ओले, थोडे कोरडे. आई ओंजळ धरून बसली होती. साहेब त्या धारेकडे बघत राहिले आणि नानांना म्हणाले, "आज धुतली का गाडी?"

"रोज धुतो साहेब. आज दोनदा."

"आतून?"

"आतून बी."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, ह्या पेटीच्या तळाला भोकं असतात, पाणी निघून जायला. ती कुठे गेली?" नानांनी माझ्याकडे बघितले आणि मी जमिनीकडे. कंपनीची चूक हुसेनभाईंनी किती प्रेमाने दुरुस्त केली होती ते माझ्या डोळ्यांपुढे आले. "कोठीत पाणी जाऊ द्यायचं नसतं. गाडीत जातंच, ते बाहेर काढायचं असतं," साहेब म्हणाले. "हे दाणे वाजले नसते तर मी शिक्का मारून मोकळा झालो असतो आणि पुढच्या वर्षी तुम्ही गाडी पोत्यात भरून आणली असती." मग त्यांनी आईकडून दोन्ही बाजूंना, जिथे बोट दाखवले तिथे, भोके पाडून घेतली. आणि मग तो स्थूल गृहस्थ दाराचा खांब धरून उंबऱ्यावर चढला आणि दोन्ही पायांनी दणादण नाचला. आधी ह्या बाजूला, मग त्या बाजूला. गाडी करकरली, पण पत्रा तसूभर वाकला नाही. आत तळावरही पाय आपटून बघितले. पायपुसणे उचलल्यावर तिथे काळ्या रंगाखाली आईच्या नावाचे ठोके उलटे उमटलेले होते. ते त्यांनी बोटाने चाचपले आणि कागदावर शिक्का मारला. जाताना नानांना म्हणाले, "पास आहे. पण रोज आंघोळ घालू नका. ओल्या फडक्याने पुसा." पास झाल्याचा आनंद आणि वीस वर्षांची शिस्त चुकीची निघाल्याचा धक्का, दोन्ही नानांच्या तोंडावर एकदमच दिसत होते.

परत निघताना नानांनी गाडी शेठजींच्या पेढीवरून घेतली. निरोपाला उत्तर द्यायला हवे, म्हणाले. शेठजी पायरीवर आले, त्यांनी जुन्या गाडीकडे डोळे भरून बघितले आणि म्हणाले, "चल, मला घरापर्यंत सोड." ते सवयीने मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. नानांचा हातही सवयीने दाराकडे गेला. पण मागे आई आणि मी बसलो होतो, मांडीवर ओल्या ज्वारीची पुरचुंडी घेऊन. क्षणभर सगळेच घोटाळले. मग शेठजी स्वतःच पुढे वळले, दार उघडून नानांच्या शेजारी बसले आणि त्यांनी ते आतून ओढून घेतले. इतक्या वर्षांत ते नानांच्या शेजारी कधी बसले नव्हते. घर आले तेव्हा पायाने तळ दाबून म्हणाले, "भक्कम आहे रे. कुठे बनवलास?" नाना म्हणाले, "घरी." पारोळ्याला आम्ही शेवभाजी खाल्ली. आईने बांधून आणलेल्या भाकरी तिच्यात कुस्करल्या. आई "रस्सा तिखट शे" म्हणाली, तर नाना दोन वेळा तो मागून घेत म्हणाले, "शे शे शे." तेव्हा मला कळले की भांडण मिटले. ओली ज्वारी आईने तिथल्याच चिमण्यांपुढे टाकली.

त्यानंतर ती गाडी खूप वर्षे चालली. नाना तिला ओल्या फडक्याने पुसत आणि दर आठवड्याला तळाच्या भोकांत तार फिरवत. सकाळची बादली बंद झाली, आणि खरे सांगायचे तर कितीतरी दिवस मला वेळेवर जागच येत नसे. पुढे माझे लग्न झाले, मी शाळेत विज्ञान शिकवू लागले. गंजाचा धडा आला की मुलांना मी कोंबडीची गोष्ट सांगत असे. नाना थकले, गाडी अंगणातल्या निंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. शेवटी भंगारवाले आले त्या दिवशी मी मुद्दाम माहेरी गेले होते. आई ओट्यावर, नाना खुर्चीवर, दोघेही तोंड फिरवून बसलेले. मी मात्र बघत होते, मला आत काय आहे ते बघायचे होते. भंगारवाल्याने छिन्नी लावून पुढच्या दाराची खालची कड फोडली. तिथे एक ठिगळ होते, नंतर कधीतरी मारलेले, कदाचित आई नरडाण्याला गेली असताना. पत्रा उलगडला आणि आतून एक छोटी पुरचुंडी खाली पडली. हिरव्या कापडाची, दोऱ्याने गच्च आवळलेली.

मी ती ओट्यावर नेऊन दिली. आईने कापड ओळखले, तिच्याच जुन्या लुगड्याचा काठ होता. गाठ सोडली तर आत मूठभर ज्वारी, किड्यांनी पोखरून पीठ झालेली.

"हाई कोनी ठेवी?" ती म्हणाली. "मी नही ठेवी."

नाना निंबाकडे बघत होते. "मीच ठेवली," ते म्हणाले. "वाजू नाही म्हनून फडक्यात बांधली. रिकामी कशी बंद करू?"

आईने पुरचुंडी पुन्हा बांधली आणि कमरेला खोचली.